ग्रातँ दोफिन्वा, क्रीमशिवाय

फ्रान्समध्ये ग्रेनोबलला शिकत असताना पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींनी मला रविवारी जेवायला बोलावलं. टेबलावर मातीचं पसरट भांडं आलं. वरून सोनेरी, कडांना तांबूस, आत बटाट्याच्या काचऱ्यांचे थर आणि त्या थरांमध्ये सायीसारखं दाट काहीतरी. मला वाटलं, भरपूर चीज असणार. आजींनी मान हलवली. चीज नाही, अंडं नाही, मैदा तर नाहीच. बटाटे, दूध, क्रीम, लसूण, जायफळ आणि मीठ. बस्स.

परत आल्यावर मी तो पदार्थ घरी करायला लागले आणि सगळ्यांत जास्त तो माझ्या बाबांना आवडला. पुढे त्यांची अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी साय, लोणी, क्रीम बंद करायला सांगितलं आणि आमच्या घरातून ग्रातँ गेला. मला ते फार लागलं. नंतरच्या काही महिन्यांत मी क्रीम पूर्ण काढून तो पदार्थ पुन्हा जमवला. त्याचीच ही कृती. ज्यांनी ग्रातँ कधी पाहिलेलाही नाही त्यांना पहिल्या खेपेला जमावा, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडं त्याच्या गावाविषयी

दोफिने हा फ्रान्सच्या आग्नेयेकडचा, आल्प्सला टेकलेला जुना प्रांत. ग्रेनोबल ही त्याची राजधानी. दोफिनेचा म्हणून ‘दोफिन्वा’. या पदार्थाचा पहिला उल्लेख सांगितला जातो तो १२ जुलै १७८८ च्या मेजवानीतला. प्रांताचे लेफ्टनंट जनरल असलेल्या क्लेरमाँ-तोनेरच्या ड्यूकने गाप या गावच्या नगर अधिकाऱ्यांना जेवू घातलं आणि तिथे हे बटाटे वाढले गेले. ती वेळ मोठी अस्वस्थ होती. जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी, ७ जूनला, ग्रेनोबलच्या लोकांनी छपरांवर चढून राजाच्या सैनिकांवर कौलं फेकली होती. फ्रेंच राज्यक्रांतीची चाहूल म्हणून तो दिवस आजही ‘कौलांचा दिवस’ या नावाने सांगतात.

‘ग्रातँ’ हा शब्द मला विशेष आवडतो, कारण आपल्याकडे त्याला सख्खा भाऊ आहे. फ्रेंचमध्ये ‘ग्रात्ते’ म्हणजे खरवडणं. भांड्याला लागून राहतो आणि खरवडून काढावा लागतो तो खरपूस थर म्हणजे ग्रातँ. थोडक्यात, खरवड. दुधाच्या पातेल्याच्या खरवडीवरून ज्या घरांत भावंडांची भांडणं झाली आहेत, त्यांना या पदार्थाचं मर्म वेगळं सांगायला नको.

चीज घालावं की नाही, हा तिथला जुना वाद आहे. एस्कॉफिए यांच्यासारख्या थोर आचाऱ्याने आपल्या कृतीत अंडं आणि ग्रुयेर चीज दोन्ही घातलं. दोफिनेतली कर्मठ मंडळी मात्र चीजला हात लावू देत नाहीत. शेजारच्या साव्वा प्रांताच्या ग्रातँमध्ये चीज असतं, पण तिथे दुधाऐवजी मांसाचा रस्सा घालतात. हे सांगायचं कारण असं, की चीज वगळताना आपण मूळ पदार्थाशी कुठलीही प्रतारणा करत नाही. आपल्याकडे हॉटेलात ‘ग्रॅटिन’ या नावाने पांढऱ्या सॉसवर चीजचा जाड थर देतात. तो पदार्थ वेगळा. त्याची चव डोक्यात ठेवून हा करू नका.

क्रीम नेमकं काय करतं

एखादा पदार्थ हलका करायचा म्हटलं की बहुतेक जण जड वस्तूच्या जागी दुसरं काहीतरी घालायला बघतात. क्रीमच्या जागी दही, नारळाचं दूध, कॉर्नफ्लॉवर. मीही तिथूनच सुरुवात केली आणि तीनही वेळा फसले. म्हणून आधी क्रीमचं काम समजून घेऊ.

पहिलं काम चवीचं. स्निग्धपणा जिभेवर पसरतो, त्यामुळे जायफळ आणि लसूण यांचा स्वाद रेंगाळतो. दुसरं काम दूध फाटू न देण्याचं. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त आणि प्रथिनं कमी असतात, म्हणून तासभर ओव्हनमध्ये राहूनही ते सहसा फाटत नाही. नुसतं दूध त्या उष्णतेला कधीकधी फाटतं आणि पाणी वेगळं, चोथा वेगळा होतो. तिसरं काम दाटपणाचं. लोकांना वाटतं तो क्रीममुळे येतो. पण ते मुळात बटाट्याचंच आहे.

कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवताना तुम्ही पाहिलं असेल. पातेल्यात बराच वेळ पातळ पाण्यासारखं काहीतरी हलत असतं आणि मग एका क्षणी ते घट्ट, चकचकीत होतं आणि ढवळणाऱ्याचा हात भरून येतो. बटाट्यातही असाच चीक असतो. काचऱ्या कापताना सुरीवर आणि बोटांवर जो पांढरा, बुळबुळीत रस येतो, तोच. दूध ६० ते ७० अंशांवर पोचलं की चिकाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि दूध सॉससारखं दाट होतं. शिवाय हा फुगलेला चीक दुधातल्या प्रथिनांच्या मधे येतो, त्यामुळे ती एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत. म्हणजे क्रीमची तीनपैकी दोन कामं बटाटा स्वतःच करू शकतो. आपण फक्त त्याचा चीक वाया जाऊ द्यायचा नाही.

आपली सवय नेमकी इथे आड येते. आपण बटाटा चिरला की पाण्यात टाकतो, काळा पडू नये म्हणून. काचऱ्यांची भाजी मोकळी हवी असते तेव्हा ते बरोबरच आहे. इथे मात्र काचऱ्या धुतल्या तर सगळा दाटपणा मोरीत जातो. सोललेले अख्खे बटाटे धुवा, पुसून कोरडे करा आणि मग थेट दुधात कापा. दुधात बुडालेल्या काचऱ्या काळ्या पडत नाहीत.

साहित्य (पाच जणांना)

- बटाटे, मध्यम आकाराचे: ७५० ग्रॅम (सोलून साधारण ६८० ग्रॅम उरतात)
- ताजं दूध: ६०० मिली
- लसूण: २ मोठ्या पाकळ्या
- जायफळ: अख्खं, किसायला
- मिरीपूड: पाव छोटा चमचा (पांढरी असेल तर उत्तम)
- मीठ: १ छोटा चमचा, सपाट
- लोणी: १० ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे
- तमालपत्र: १, हवं असल्यास

बटाटा आणि दूध निवडताना

फ्रान्समध्ये बाजारातल्या पाटीवरच लिहिलेलं असतं, हा बटाटा उकडायला, हा कुस्करायला, हा ग्रातँला. ग्रेनोबलच्या सेंत-क्लेर मंडईत विक्रेते विचारायचे, काय करणार आहात, आणि मगच बटाटे द्यायचे. तिथे घट्ट गराचा शार्लोत आणि पिठूळ बिंतिए ही दोन नावं नेहमी कानावर पडत. ग्रातँला दोन्हींच्या मधला बटाटा बरा. फार पिठूळ असेल तर काचऱ्या विरघळून लगदा होतो. फार चिकट, कोवळा असेल तर काचऱ्या देखण्या राहतात, पण चीक कमी सुटतो आणि दूध पातळ राहतं.

आपल्याकडे कुफ्री ज्योती हा वाण या कामाला छान चालतो. भाजीवाल्याला वाणाचं नाव माहीत असेलच असं नाही, तेव्हा ‘जुना बटाटा’ मागा. सालीवर नखाने ओरखडलं तर साल सहज निघून आली, तर तो नवा बटाटा समजायचा. नव्या बटाट्यात पाणी जास्त असतं. शीतगृहातून नुकताच बाहेर आलेला बटाटा कधीकधी गोडसर लागतो. थंडीत त्याच्यातल्या चिकाची साखर होते, त्यामुळे तो ओव्हनमध्ये पटकन काळवंडतो. तसे बटाटे मिळाले तर आठवडाभर टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, गोडी बरीच उतरते. घरीही बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. हिरवी झाक आलेला किंवा मोड आलेला बटाटा घेऊच नका.

दुधाचं गणित सोपं आहे. पिशवीवर ‘टोन्ड’ लिहिलेलं असेल तर त्यात ३ टक्के स्निग्धांश, ‘डबल टोन्ड’मध्ये दीड टक्का, ‘फुल क्रीम’मध्ये ६ टक्के. या कृतीला मी टोन्ड दूध वापरते. गाईचं दूधही चालेल. डबल टोन्डने ग्रातँ होतो, पण तो मला पाणचट लागतो आणि फाटण्याची भीतीही वाढते. ज्यांना तब्येतीची काही अडचण नाही आणि नुसता रोजच्या जेवणाचा भार कमी करायचा आहे, त्यांनी म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध वापरलं तरी मूळ कृतीपेक्षा ते कितीतरी हलकं पडतं. एका गोष्टीत मात्र तडजोड नाही, दूध ताजं हवं. सकाळपासून ओट्यावर राहिलेलं दूध जरासं आंबटलेलं असतं, चहात ते कळत नाही, पण इथे ते हमखास फाटतं.

पहिली पायरी: काचऱ्या

बटाटे सोला, धुवा, पुसा. काचऱ्या दोन ते तीन मिलिमीटर जाड हव्यात, साधारण दोन रुपयांच्या नाण्याहून थोड्या जाड. वेफर्सच्या किसणीने हे सगळ्यांत सोपं जातं, पण तिच्यावर अगदी पातळ पात असेल तर ती नको, वेफरइतक्या पातळ काचऱ्या शिजून विरतात. विळीवर हात बसलेला असेल तर विळी उत्तम. जाडी किती यापेक्षा ती सगळीकडे सारखी असणं महत्त्वाचं. एक काचरी जाड आणि एक पातळ असेल तर एक विरघळेल आणि एक कच्ची राहील, आणि अर्धी कच्ची राहिलेली एकच काचरी आख्ख्या घासाची मजा घालवते.

जाड बुडाच्या पातेल्यात दूध आधीच काढून ठेवा आणि काचऱ्या थेट त्यात पडू द्या.

दुसरी पायरी: गॅसवर, दुधात

अनेक कृतींमध्ये कच्च्या काचऱ्या भांड्यात रचून वरून क्रीम ओततात आणि भांडं ओव्हनमध्ये ढकलतात. क्रीमवर ते निभतं. दुधावर करायचं असेल तर ही गॅसवरची दहा मिनिटं चुकवू नका. सगळा पदार्थ या दहा मिनिटांवर उभा आहे.

लसणाची एक पाकळी ठेचून दुधात टाका, तमालपत्र टाका. मध्यम आचेवर ठेवा आणि लाकडी उलथण्याने बुडापासून हळूहळू ढवळत राहा. बटाट्याचा चीक खाली बसतो आणि पहिला तोच लागतो, म्हणून पातेल्यासमोरून हलू नका. चार-पाच मिनिटांत कडेने वाफ येईल, मग बारीक बुडबुडे. इथे आच मंद करा. दूध खळखळ उकळता कामा नये, नुसतं हसत राहिलं पाहिजे. आणखी पाच-सहा मिनिटांत उलथण्याला जडपणा जाणवेल. उलथणं उचलून मागच्या बाजूवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली, दोन्हीकडून दूध येऊन मिटली नाही, की चीक फुगला.

आता मीठ, मिरीपूड घाला आणि जायफळ किसणीवर पाच-सहा वेळा ओढा. मीठ आधी घालत नाही, कारण कच्च्या, पातळ दुधाला मीठ आणि उष्णता एकदम लागली की ते फाटण्याची शक्यता वाढते. चीक फुगल्यावर ती भीती राहत नाही. दुधाची चव घेऊन पाहा, ते या वेळी किंचित खारट लागलं पाहिजे. बटाटा ते मीठ आत ओढून घेतो.

काचऱ्या या टप्प्यावर शिजलेल्या नसतात, वाकवल्या तर लवतात आणि मोडत नाहीत, इतपतच. पाण्यात त्या एव्हाना जवळजवळ शिजल्या असत्या. दुधातलं कॅल्शियम बटाट्याचे दुवे घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे दुधात त्याला वेळ लागतो. घाई करून आच वाढवू नका.

तिसरी पायरी: भांडं आणि ओव्हन

भांडं पसरट हवं. काचेचं, चिनी मातीचं, अगदी स्टीलचं खोल ताटही चालेल. सगळं मिश्रण ओतल्यावर उंची साडेतीन-चार सेंटीमीटरच्या वर जाऊ नये, नाहीतर वर रंग येतो आणि मधे कच्चं राहतं. उरलेली लसणाची पाकळी अर्धी कापून भांड्याच्या आतून सगळीकडे चोळा. ही दोफिनेची खास रीत. लसूण दिसत नाही, घासाघासाला जाणवतो. ओलसरपणा वाळला की अर्धं लोणी तिथेच पुसा.

काचऱ्या पळीने भांड्यात ओता आणि वरचा थर तेवढा हाताने नीट रचा, एकावर एक चढवून, छपरावरच्या कौलांसारखा. तमालपत्र काढून टाका. दूध काचऱ्यांच्या वरच्या कडेपर्यंत यायला हवं, वर तरंगता कामा नये. कमी पडलं तर दोन-चार चमचे गरम दूध घाला. उरलेल्या लोण्याचे बारीक ठिपके वर ठेवा. लोणी इथे वर का, तर जे थोडं आहे ते जिभेला पहिल्यांदा भेटावं. आत मिसळलं असतं तर कुठे गेलं ते कळलंही नसतं.

ओव्हन १६५ ते १७० अंशांवर आधी तापवून घ्या. ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, लहान असेल तर वरची तापणारी कांडी भांड्याला फार जवळ येते, म्हणून भांडं खालच्या कप्प्यात ठेवा आणि पहिला अर्धा तास त्यावर फॉइल किंवा दुसरं ताट उपडं घाला. नंतर झाकण काढून आणखी २०-२५ मिनिटं. सुरीचं टोक मधोमध खुपसून बघा, लोण्यात शिरावं तसं शिरलं पाहिजे. कडेने दाट बुडबुडे येत असतील, वर सोनेरी डाग पडले असतील, तर झालं. रंग सोनेरीवरच थांबवा. बटाट्यासारखा पिष्टमय पदार्थ फार तांबूस-काळा होईपर्यंत भाजला तर त्यात ॲक्रिलामाइड नावाचं नकोसं द्रव्य वाढतं आणि चवही कडवट होते.

आता सगळ्यांत अवघड भाग: पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. ओव्हनमधून काढल्या काढल्या ते पातळ दिसतं आणि नवखा माणूस घाबरून पुन्हा आत ढकलतो. मीही तसंच करून एकदा सगळं कोरडं ठणठणीत करून ठेवलं होतं. ते निवू लागलं की चीक बसतो, काचऱ्या उरलेलं दूध पितात आणि सुरीने वडीसारखे चौकोन पडतात.

ओव्हन नसेल तर

कोकणात धोंडस करताना पातेल्याखाली चूल आणि झाकणावर निखारे ठेवायचे, तेव्हा ओव्हन कुणाकडे होता? आज निखारे नाहीत, पण वरची खरवड खाली आणता येते. नॉनस्टिक पसरट पॅनला लोणी पुसा, दाटलेल्या काचऱ्या त्यात पसरा, घट्ट झाकण ठेवा. खाली तवा ठेवून अगदी मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटं. शेवटची पाच मिनिटं झाकण काढा. गॅस बंद करून वीस मिनिटं थांबा आणि मग मोठं ताट उपडं ठेवून पॅन उलटा. खालची तांबूस बाजू वर येते. गरम असताना उलटलं तर सगळं सांडेल, तेवढं सांभाळा. हा चवीला ग्रातँच आहे, दिसायला जरा वेगळा.

काय चुकतं

दूध फाटलं: ते जुनं होतं, आच मोठी होती, किंवा काहीतरी आंबट पडलं. दही घालण्याचा माझा पहिला प्रयोग यातच गेला. आंबटामुळे दूध फाटतंच, शिवाय बटाटा शिजायचंही नाव घेत नाही. टोमॅटो, लिंबू, कच्चा कांदा यांपैकी काही नको. फाटलेला ग्रातँ दिसायला रवाळ होतो, पण खाण्यात काही वाईट नाही. फेकू नका.

फार पातळ राहिलं: काचऱ्या धुतल्या गेल्या किंवा बटाटा नवा होता. पुढच्या वेळी गॅसवर तीन-चार मिनिटं जास्त द्या. कॉर्नफ्लॉवर लावलं की पदार्थाला खिरीसारखा गिळगिळीतपणा येतो, बटाट्याची चव मागे पडते. ज्या भाजीच्या अंगातच एवढा चीक आहे तिला बाहेरून कशाला द्यायचा? नारळाच्या दुधाबद्दल एवढंच, की त्याचा पदार्थ चांगला होतो, पण तो दोफिनेचा राहत नाही, आणि घट्ट नारळाच्या दुधातली संपृक्त चरबीही काही कमी नसते.

सपक लागलं: बहुतेक वेळा मीठ कमी पडलेलं असतं. तरीही वरून मीठ न घालता जायफळ आणि मिरी थोडी वाढवून बघा. माझ्या अनुभवात जायफळ ताजं किसलेलं असेल तर मिठाची उणीव बरीच भरून निघते. डबीतली जुनी पूड हे करू शकत नाही.

किती हलकं झालं

याच मापाच्या नेहमीच्या कृतीत ३०० मिली दाट क्रीम, ३०० मिली सायीचं दूध आणि २५ ग्रॅम लोणी धरलं, तर एका वाढणीत सुमारे ३८० कॅलरी आणि २७ ग्रॅम चरबी जाते. टोन्ड दुधाच्या या कृतीत एका वाढणीत सुमारे १९० कॅलरी आणि पाच ग्रॅम चरबी. फुल क्रीम दूध वापरलं तर चरबी नऊ ग्रॅमच्या आसपास. कॅलरी निम्म्या झाल्या, चरबी पाचव्या हिश्शावर आली. मीठ माणशी एक ग्रॅमच्या थोडं वर पडतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, त्या हिशेबात ते बसतं.

पण एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपण बटाट्याला भाजी म्हणतो, आणि घोटाळा तिथे होतो. पिष्टाच्या हिशेबात तो भात-पोळीच्या रांगेत बसतो. ग्रातँ पोळीबरोबर खाल्ला तर हलका करण्याची सगळी मेहनत वाया. तो ताटात पोळीच्या किंवा भाताच्या जागी घ्या. दोफिनेत तो भाजलेल्या मटणाबरोबर वाढतात आणि शेजारी मोहरी-व्हिनेगर लावलेली हिरवी पानं असतातच. घरी आम्ही अर्धं ताट काकडी, पालेभाजीची कोवळी पानं, वाफवलेला घेवडा यांनी भरतो, आणि मटणाच्या जागी कधी मासा, कधी मोड आलेल्या मुगाची उसळ.

बटाटाही कमी करायचा असेल तर एक तृतीयांश बटाट्याच्या जागी नवलकोलाच्या तेवढ्याच जाडीच्या काचऱ्या घाला. दोन तृतीयांशाच्या खाली मात्र बटाटा आणू नका, दाटायला चीक उरत नाही. मधुमेह असलेल्यांनी वाढणी लहान ठेवावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा. त्यांना बटाट्यातलं पोटॅशियम कमी करायला काचऱ्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकायला सांगतात, आणि या कृतीत तर काहीच टाकत नाही.

दूधही चालत नसेल तर: पोम बूलांजेर

फ्रान्सचाच दुसरा पदार्थ, आणि तो जन्मापासून हलका. ‘बूलांजे’ म्हणजे पाव भाजणारा. पावाच्या भट्टीचा दाह उतरला की गावातल्या बायका बटाटे-कांद्याचं भांडं तिथे नेऊन ठेवायच्या. घरात ओव्हन नव्हता, भट्टी तर गरमच होती.

दोन मोठे कांदे उभे पातळ चिरून एक मोठा चमचा तेलात वीस मिनिटं मंद परता, मऊ आणि तांबूस होईपर्यंत. ७५० ग्रॅम बटाट्यांच्या काचऱ्या, इथेही न धुता, कांद्याबरोबर आलटूनपालटून रचा. वरून ४०० मिली गरम भाज्यांचं पाणी ओता. ते करायला गाजर, कांद्याची टोकं, कोथिंबिरीचे देठ, मिरी अर्धा तास उकळून गाळलं की झालं. बाजारातला तयार स्टॉक क्यूब वापरत असाल तर मीठ घालूच नका, त्यातच भरपूर असतं. मिळाली तर थाइम या सुवासिक पाल्याची काडी. १८० अंशांवर तासभर, शेवटी झाकण न ठेवता. वरचा थर कुरकुरीत होतो, खालचा रस पिऊन मऊ.

उरलं तर

फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस छान राहतो. गार झालेल्या बटाट्यातला थोडा चीक पचायला सावकाश होतो, गरम केल्यावरही तो काही प्रमाणात तसाच राहतो. फरक लहान आहे, त्याच्या भरवशावर वाढणी वाढवू नका. गार असतानाच चौकोन कापा, तेलाचं बोट फिरवलेल्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवा आणि उलटू नका. खाली नवी खरवड धरते. बाबा पहिल्या दिवशी पोटभर खात नाहीत, ते दुसऱ्या दिवसाच्या या तुकड्याची वाट पाहत असतात.